केसाळ किड्यांचा भादवा

भादवा उतरणीला लागला की आमच्या सीवूड्सच्या इमारतीत कुठून तरी एक वास सुटतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर टेन्शन पसरतं. कुणाच्या तरी डक्टमध्ये, जाळी आणि भिंतीच्या बेचक्यात, एखादं कबूतर मरून पडलेलं असतं. पावसाच्या शेवटच्या झडीत मेलेलं असतं, पितृपक्षातल्या कडक उन्हात वाळायला लागतं आणि मग त्याचा वास बदलतो. मेलेल्याचा ओला वास वेगळा आणि सुका वास वेगळा, पण हे ग्रुपवर लिहायची सोय नाही. मी खिडकीशी नाक वर करून जरा वेळ उभी राहते. सुका वास सुक्या मासळीच्या फार जवळचा असतो, थोडासा चपलांच्या दुकानातला. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी मला एकदा म्हणाली, आंटी, तुम्ही चक्क एन्जॉय करताय. एन्जॉय वगैरे नाही, पण नाक मुरडावंसं वाटत नाही हे खरं.

यंदा ते माझ्याच स्वयंपाकघराच्या डक्टमध्ये निघालं. सफाईवाला पिशवी आणि फिनेल घेऊन यायच्या आत मी टॉर्च मारून पाहिलं. पिसांखाली हालचाल होती. भाताच्या दोन दाण्यांएवढी, तपकिरी, अंगभर राठ केस असलेली एक अळी उजेड पडताच सरसर आत पळाली. तिच्या मागे काळसर पाठीचा आणि पांढऱ्या पोटाचा एक भुंगेरा होता, तो उलटा झाला आणि पाय आखडून मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिला. मी त्याला म्हटलं, ऊठ, ओळखते मी तुला. घरात दुसरं कुणी नसलं की माणसाला असं मोठ्यानं बोलायची सवय लागते.

त्या किड्याची आणि माझी ओळख नव्वदच्या दशकातली. जुईनगरचं स्टेशन तेव्हा नवं होतं आणि एवढं मोठं होतं की आत शिरल्यावर आपण चुकून कुणाच्या तरी लग्नाच्या हॉलमध्ये आलोय असं वाटे. फक्त वऱ्हाडाचा पत्ता नसे. बाहेर पडलं की सेक्टरांच्या पाट्या होत्या, नंबर होते, रुंद रस्ते होते आणि माणसं मात्र अजून यायची होती. संध्याकाळी इमारतींकडे पाहिलं की चार-पाच खिडक्यांआड एकीत दिवा. मधल्या प्लॉटवर पुरुषभर गवत. मी साताऱ्याकडून आलेली, पंचविशीची, एका नव्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागलेली, तेही हंगामी. गावाकडे असताना एकटं राहायला मिळावं म्हणून मी जीव टाकत होते. मिळालं, आणि पहिल्याच महिन्यात कळलं की दिवसभर वर्गात बोलून घसा बसला तरी संध्याकाळी आपण कुणाशीच बोललेलो नसतो.

खोली मिळाली ती गावठाणात, मथुराबायकडे. गाव आगरी. शेतं आणि मिठागरं शहरात गेली, त्या बदल्यात मिळालेल्या जागेवर मथुराबायच्या मुलानं पुढच्या अंगाला चार मजली इमारत उठवली आणि आईला तळमजला देऊ केला. पण वरच्या भाडेकरूंना सुक्या मासळीचा वास चालेना आणि मथुराबायला मासळीशिवाय करमेना. म्हणून ती मागच्या जुन्या दोन कौलारू खोल्यांतच राहिली, आणि त्यातल्या पडवीची केलेली खोली तिनं मला दिली. मला वास चालेल का, एवढंच तिनं विचारलं होतं. मी म्हटलं, आमच्याकडेही बाजारच्या दिवशी सुकट येते. तेवढ्यावर माझं काम झालं.

मथुराबाय साठीच्या पुढची, काटक, काष्ट्याचं लुगडं नेसणारी. उन्हाळाभर बंदरावरून ओले बोंबील आणायचे, अंगणात बांबूंच्या वलांडीवर टांगून वाळवायचे, जवळा अंगणभर पसरायचा आणि पावसाळ्यात तो माल स्टेशनबाहेर बसून विकायचा. राखणीला तिची कुत्री होती. पिल्लू असताना जवळ्यासारखी गुलाबी-पांढरी आणि चिमूटभर होती म्हणून तिनं तिचं नाव ठेवलं जवली. वाळवणाजवळ कावळा उतरला की जवली उठायची, मांजर आली की उठायची, आणि स्वतः मात्र पसरलेल्या मासळीला तोंड लावायची नाही. मथुराबाय हातानं बोंबील पुढे धरी तेव्हाच खायची. तेही आधी वर तोंडाकडे बघून, खरंच मला का, अशा अर्थानं. माझ्याशी तिचं विशेष काही नव्हतं. मी आले की शेपटीचं टोक एकदा आपटायची, जसं भाडेकरूला पुरे तसं.

श्रावणात चार दिवस उघडीप मिळाली तेव्हा मथुराबायनं पाट्यांतली सगळी मासळी ऊन दाखवायला बाहेर काढली. मुलानं आईची सोय म्हणून अंगणभर कोबा करून दिला होता, तो चटचट तापलेला. मासळी ओतली आणि त्यातून शेकडो केसाळ अळ्या चहूकडे सावली शोधत पळत सुटल्या. मथुराबाय त्यांना पायानं चिरडत, केरसुणीनं लोटत, शिव्या देत होती. या किड्यानं तिला जन्मभर छळलेलं. बोंबील वरून धड दिसतो आणि उचलला की आत नुसता भुगा. मी धावत खोलीत गेले आणि बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन आले. मला राहवलंच नाही. पुस्तकात पाहिलेला किडा, परदेशातल्या संग्रहालयांत मुद्दाम पाळतात तो, इथं माझ्या चपलेखाली पळत होता.

"लोक मासली मांगतान, तू किडं मांगतंस," मथुराबाय म्हणाली. मग जवलीकडे वळून तिला सांगितलं की बाय शिकलीय फार, तिला काय बोलायचं नाय. पण त्यानंतर दर उन्हाला तिनं किडे चिरडायचे सोडून माझ्यासाठी डब्यात भरून ठेवले.

मला त्यांची गरज होती, ती अशी. आमच्या विभागात काचेची नवी कोरी कपाटं होती आणि त्यांत ठेवायला काही नव्हतं. दिवाळीनंतर पाहणीला समिती येणार होती. सस्तन प्राण्याचा सांगाडा हवाच, असं विभागप्रमुख म्हणाले. ते निवृत्तीला आलेले, हळू बोलणारे गृहस्थ. हाडं उकळून काढली की ठिसूळ होतात आणि बारीक हाडं हरवतात. हे किडे मात्र हाडाला धक्का न लावता मांस तेवढं खातात, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि परवानगी दिली. अट एकच, खोकं लॅबच्या आसपास नको. म्हणून आवाराच्या टोकाला पंपाच्या खोलीत मी ते बिऱ्हाड मांडलं. गावाहून येताना आणलेली माझी पत्र्याची ट्रंक रिकामी केली. पत्र्यावर त्यांना चढता येत नाही. वर जाळी, आत कापूस, कोशात जायची वेळ झाली की पोखरायला थर्माकोलचा तुकडा आणि ऊब म्हणून साठ वॅटचा दिवा. कोंबडीवाल्याकडून मी माना आणायला लागले. त्याला वाटायचं मॅडमकडे कुत्रा आहे.

मेलेल्या जिवाभोवती एक पंगत बसते, आणि तिचे क्रम ठरलेले असतात. पहिल्या पंगतीला हिरव्या निळ्या माश्या. त्यांना ओलं लागतं, गरम लागतं, आणि त्यांना निमंत्रण तासाभरात पोचतं. त्यांच्या पांढऱ्या अळ्या भराभर वाढतात. मग त्या अळ्यांनाच खाणारे चकचकीत काळे भुंगेरे येतात. पाहुण्यांवर ताव मारणारे पाहुणे. सगळे उठून गेले, पातेली कोरडी पडली, कातडं हाडाला चिकटलं, की सगळ्यात शेवटी हे केसाळ येतात. वाळलेलं, कडक, कुणाला नको असलेलं खरवडून खातात. कातडी, स्नायूंचे दोर, पिसं, केससुद्धा. तेवढं झालं की उरतं ते जमिनीचं. हे सगळे नसते तर जगात आजवर मेलेलं सगळं जिथल्या तिथं पडून राहिलं असतं आणि आपल्याला पाय ठेवायला जागा उरली नसती. वर्गात हे सांगताना मुलींनी रुमाल नाकाला लावले होते. मला मात्र त्यात एक प्रकारचा धीर वाटायचा, की शेवटी का होईना, कुणीतरी येतं.

संध्याकाळी कॉलेज रिकामं झालं की मी पंपाच्या खोलीत जाऊन बसायची. कान दिला तर ट्रंकेतून आवाज यायचा, बारीक, तांदूळ चाळल्यासारखा. ते खात असायचे. माझ्या दिवसातला तो एकच आवाज होता ज्याला माझ्याकडून काही नको होतं आणि तरी मी नसते तर तो बंद पडला असता. ऊब आहे का बघायला हात आत घालायची, बोटाला गुदगुल्या व्हायच्या. हसू नका, पण घरी परतायला मला त्या दिवसांत उशीर व्हायचा तो या किड्यांपायी.

थंड डोंगराळ मुलखातल्या मेलं खाणाऱ्या दुसऱ्या एका भुंगेऱ्याबद्दल तेव्हाच वाचलं होतं. मेलेला उंदीर सापडला की नर आणि मादी मिळून त्याच्या खालची माती उकरतात, त्याला जमिनीत उतरवतात, अंगावरचे केस काढून त्याचा गोळा करतात. मग पिल्लं झाली की ती चोच वासल्यासारखी तोंड वर करतात आणि आईबाप त्यांना घास भरवतात. मेलेल्या उंदराच्या पोटात एक संसार चाललेला असतो. आमच्या खाडीकाठच्या उकाड्यात तो भुंगेरा नाही. माझे केसाळ तसे नव्हते, एकाच डब्यात राहून प्रत्येक जण आपापला जेवायचा. मी दोन्ही प्रकारांचा विचार करायची आणि आपण कुठल्या जातीचे, हे ठरवता यायचं नाही.

मग पितृपक्ष आला. त्या वर्षी माघात माझे वडील गेले होते. शहरातल्या मार्केटात आयुष्यभर पाठीवर पोती वाहिलेला माणूस, गावी परतल्यावर दोन वर्षंही बसून खाऊ शकला नाही. भाऊ पितरांना पान वाढणार होता आणि मला रजा मिळाली नव्हती. मी स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवरून गावातल्या शेजाऱ्यांकडे फोन लावला, आईला बोलावून आणलं. कावळा लगेच आला, असं आई म्हणाली. मी म्हटलं, बरं झालं. समोर बिलाचे लाल आकडे पळत होते म्हणून मी फोन ठेवला. मला विचारायचं होतं ते वेगळंच होतं. वडिलांना नदीकाठी नेलं तेव्हा बायका मागे थांबल्या होत्या, दुसऱ्या दिवशी भाऊ रिकाम्या हातानं परत आला. एवढा रुंद पाठीचा माणूस. तो कुठं गेला, हे मी कुणाला विचारू शकले नव्हते. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं असलं काही विचारायचं म्हणजे हसूच.

त्याच पंधरवड्यात जवली गेली. म्हातारी झालीच होती. सकाळी मथुराबायनं दार उघडलं तर ती वलांडीच्या खांबाला पाठ लावून, वाळवण नसलेल्या अंगणाची राखण करत असल्यासारखी आडवी होती. मथुराबाय तिच्याजवळ उकिडवी बसली होती आणि हातानं तिच्या अंगावरच्या माश्या वारत होती. माश्यांना निमंत्रण पोचलं होतं.

मुलगा पुढच्या इमारतीतून आला. तसा तो चांगला. म्हणाला, आये, पालिकेची गाडी बोलावतो, पाच मिनिटांत काम होईल. मथुराबायनं मान हलवली. डंपिंगवर ती जवलीला जाऊ देणार नव्हती. मग पुरायचं म्हटलं तर कुठं? अंगणाला कोबा होता आणि तो मुलानं तिच्यासाठीच केला होता. शेत होतं तिथं आता सेक्टर होता, कुंपण होतं, वॉचमन होता. खाडीच्या बाजूला चिखलात पुरलं तर रात्री कोल्हे उकरून काढतात. मागं मांजर पुरलं होतं त्याचं तेच झालेलं. पूर्वी गावातलं ढोर मेलं की खाजणाच्या बांधावर नेऊन टाकायचे, गिधाडं उतरायची, दुपारपर्यंत सगळं स्वच्छ. ती गिधाडं अलीकडे दिसेनाशीच झाली होती. कुठं गेली कोण जाणे, असं ती दोनदा म्हणाली. इतक्या मोठ्या नव्या शहरात एका कुत्रीपुरती जमीन नव्हती आणि आभाळातही कुणी नव्हतं.

मी दारात उभी होते. सांगाड्याचा विषय माझ्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. तिनंच वर पाहिलं.

"तुजं किडं हारा ठेवतान ना?"

"हाडं ठेवतात."

"मंग तू ने तिला. पन मना ती परत दिसली पायजे. आख्खी."

"दिसेल," मी म्हणाले.

तिला जुन्या लुगड्यात गुंडाळून रिक्षातून नेलं. मथुराबाय कोपऱ्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगते, की कातडं सोडवताना मी तिच्याशी बोलत होते, आणि माझे हात सराईत असूनही मध्ये दोनदा थांबावं लागलं. उन्हात वाळवली, मग ट्रंकेत ठेवली. किड्यांना ती कोण याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. वेळ न घालवता कामाला लागले.

घरी मात्र आता संध्याकाळी माझी वाट पाहिली जायची. मथुराबाय मला जवलीबद्दल काही विचारायची नाही. किती झालं, एवढंच. मी म्हणायची, पाठ झाली, मान व्हायची आहे. ती मान हलवायची आणि ताटावरचं झाकण काढायची. माझं ताट ती कधीपासून वाढून ठेवायला लागली, ते माझ्या लक्षातच आलं नाही. आम्ही दोघी कोब्यावर बसून जेवायचो. समोर रिकामी वलांडी, पलीकडे वरच्या भाडेकरूंच्या टीव्हीचा निळा उजेड. बोलणं थोडं व्हायचं. तिला एकच काळजी लागून राहिली होती, ती बोलता बोलता वर यायची. नुसती हाडं ओळखू यायची का? बाय दुसरीच कुठली कुत्री दाखवून आपली समजूत तर घालणार नाही? मी शपथेवर सांगायची की तीच असेल, एकही हाड बाहेरचं नसेल. मला त्याबद्दल शंका नव्हती. शब्द दिला होता आणि तो पाळला जाणार होता, नखासकट.

आता ते घर नाही. मागच्या खोल्या, अंगण, वलांडी, सगळ्यावर मिळून उंच टॉवर उभा आहे, आणि खाली पार्किंगमध्ये कोब्याच्या जागी टाइल्स. मथुराबायला जाऊनही वर्षं झाली. मी पुढे कायम झाले, सीवूड्सला माझं घर झालं, निवृत्त झाले. आजचं हे शहर मेलेलं काही दिसूच देत नाही. पिशवी येते, फिनेल येतं, ग्रुपवर अंगठे उमटतात. इथं कुणाला वाळायला वेळच मिळत नाही. पण भादव्यातलं ऊन तेच आहे, दुपारी खाडीवरून येणारा चिखलाचा वासही तोच, आणि अशा दुपारी घरातली शांतता माझ्या अंगावर येते. तेव्हा मी ट्रंकेतला तो आवाज आठवते. आठवत नाही नीट. तांदूळ चाळून पाहिले, तसा नाही येत.

त्या वर्षी दिवाळी उलटली तेव्हा जवली तयार झाली. एकेक हाड मी धुतलं, उन्हात पांढरं केलं, तांब्याच्या तारेनं जोडलं, लाकडी फळीवर चारी पायांवर उभी केली. शेपटीचं शेवटचं, मुगाएवढं हाडसुद्धा जागेवर होतं. मला माझ्या कामाचा गर्व वाटला, कशाला खोटं बोलू. विभागप्रमुख भोवती फिरून म्हणाले, सुरेख. मग म्हणाले, आता ते खोकं रॉकेल ओतून संपवा. एक मादी जरी लॅबमध्ये आली तरी समितीसाठी नुकतेच मागवलेले पेंढा भरलेले पक्षी आणि कीटकांच्या पेट्या शिल्लक राहायच्या नाहीत. त्यांचं बरोबर होतं. किड्यांनाही आता खायला काही उरलं नव्हतं, ते एकमेकांना खायला लागले होते. मी रॉकेलचा डबा पंपाच्या खोलीत नेऊन ठेवला आणि मथुराबायला आणायला गेले. आधी तिला दाखवायचं होतं.

ती धुतलेलं लुगडं नेसून आली होती, डोक्यावर पदर, कमरेला काहीतरी खोचलेलं. लॅबच्या दारात चपला काढल्या. सांगाड्यासमोर आली, उभी राहिली. मग एका बाजूनं गेली, दुसऱ्या बाजूनं आली.  

"ही जवली नाय," ती म्हणाली.

 मी तिला मागचा डावा पाय दाखवला. मधोमध हाड जाड होऊन सांधलेलं होतं, कधीतरी मोडून जुळलेलं. तिनं त्यावर बोट फिरवलं.

"ह्यो तिचाच पाय. टेम्पोनं ठोकलेला, मीच कामट्या बांधलेल्या." बोट तिथंच होतं. "पाय हाय, दात हाय. पन जवली कुठं हाय? बाकीची कुठं गेली?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. ती तक्रार करत नव्हती, खरंच विचारत होती. वर्गात सांगितलेलं सगळं माझ्या डोक्यात होतं, पण मला नदीकाठ दिसत होता, जिथं मी गेलेच नव्हते. शेवटी मी म्हणाले, किड्यांनी खाल्लं, मावशी. ती म्हणाली, कुठं हायत ते किडं, दाखव.

पंपाच्या खोलीत मी दिवा लावला आणि ट्रंकेची जाळी उचलली. उजेड पडताच अळ्या कापसात शिरल्या, भुंगेरे उताणे पडून निपचित झाले. पांढरी पोटं वर. मथुराबाय खाली बसली. ज्या किड्यांना तिनं जन्मभर पायाखाली चिरडलं त्यांच्यात तिनं हात घातला आणि ओंजळीत चार-सहा उचलले. मेल्यासारखेच होते. ती हलली नाही. मग एकानं पाय सोडला, सरळ झाला आणि तिच्या तळव्यावरून मनगटाकडे चालायला लागला.

"जिवंत हायत."

"हो."

"तिला खाऊन जिवंत हायत."

"हो. बाकीची ती ह्यांच्यात आहे." हे मी वर्गात म्हणते तेच होतं, पण तोपर्यंत मला ते ठाऊक नव्हतं. मी भिंतीकडे तोंड केलं.

मथुराबायनं कमरेचं खोचलेलं काढलं. वर्तमानपत्राच्या कागदात एक बोंबील होता. जवलीला भेटायला यायचं म्हणून घरून आणलेला, आणि सांगाड्यापुढे तिनं तो काढलाच नव्हता. त्याचे बारीक तुकडे केले, ट्रंकेत सगळीकडे पोचतील असे टाकले. "खा गो," ती म्हणाली. जरा वेळानं तो आवाज सुरू झाला. आम्ही दोघी ऐकत बसलो.

मग तिची नजर रॉकेलच्या डब्याकडे गेली. तो कशाला आणलाय ते तिला कळलं असावं. ती उठली, लुगडं झटकलं.

"घरान मासली हाय, समजतं मना. ह्यांना वेगलं ठेवीन," ती म्हणाली. "चल, एक बाजू तू धर."

ट्रंक हलकी होती, एकटीला सहज उचलता आली असती. तरी मी दुसरी बाजू धरली.